सलीमची अट

सलीम गेल्याचं त्याच्या मुलीनं, शबानानं, फोनवर सांगितलं. तेव्हा मी जळगावच्या पिंप्राळ्यात घरी कम्प्युटरसमोर बसून त्याच्याच नावानं चरफडत होतो. पाच दिवस झाले तरी या माणसाची चाल येत नव्हती…

आम्ही धुळ्याच्या आयटीआयमध्ये एका बाकावर शिकलो. तो तिथंच यंत्रमागाचा मेकॅनिक झाला, मी जळगावात नोकरीला लागलो. पन्नाशी उलटल्यावर त्यानं मला कम्प्युटरवरच्या राज्य उभारायच्या या खेळात ओढलं. एक चाल त्यानं धुळ्यातून खेळायची, एक मी इथून. शेती, कोठारं, तह, फौज… खेळ कसला, अख्खा कारभारच. हा खेळ शिकवणारे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगानं पडलेत, पण सलीमची एकच अट होती. "व्हिडिओ देखाना नही, भो. हात लावाबिगर बिघाड समजत नही." मागाखाली आडवं पडून आयुष्य काढलेला माणूस, त्याला दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

तो मनापासून चुकला. एका डावात सगळी माणसं तटबंदीला जुंपली आणि रयत उपाशी मेली. पुढच्या डावात धान्य भरपूर साठवलं, पण कोठार नदीकाठी बांधलं, ते पुरात गेलं. लगेच उत्साहानं फोन. "आज समजनं, कोठार नदीथून लांब बांधनं पडस." मी "अरे वा" म्हणायचो. मला ते आधीच ठाऊक असायचं. सुरुवातीचे दोन डाव हरल्यावरच मी गुपचूप व्हिडिओ बघायला लागलो होतो.

त्यानंतर मी एकदाही हरलो नाही, हा माझा पराक्रम. आणि कुठलाही बिघडलेला माग बेधडक उघडणारा सलीम एकेका चालीला चार-चार दिवस घ्यायला लागला. चुकायला घाबरायला लागला. शेवटचे भेटलो तेव्हा चहा पिता पिता म्हणाला, "मन्हा डोकाले गंज चढना का रे? तुले कसं जमस?"

सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण आयटीआयमध्ये तो कायम पहिला आणि मी काठावर पास… त्याला हरवायची चटक लागली होती मला. "सराव, दुसरं काय," एवढंच म्हणालो. हे लिहितानाही लाज वाटते.

चाळिसावं झाल्यावर धुळ्याला गेलो. माळ्यावरच्या खोलीत, सलीमच्या खुर्चीत शबाना बसली होती. समोर तोच खेळ उघडलेला.

"सारखी हरतेय, काका."

"एखादा व्हिडिओ बघ ना," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुम्ही असं म्हणता? अब्बा मला रोज सांगायचे, तुझ्या काकानं एकही व्हिडिओ न बघता मला हरवलंय. शिकायचं तर तसं शिक." मग ती उठली, ओढणीनं खुर्ची पुसली आणि माझ्याकडे सरकवली. "बसा ना. मला दाखवा कसं करता."

मी बसलो.