काकांचे चौदा व्होल्ट

व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही रुमाल काढून बसता, मला माहितीये. आता हा कुठल्यातरी साध्याभोळ्या, मनाने मोठ्या माणसाबद्दल सांगणार, शेवटी तो माणूस जाणार आणि आपण नाक पुसणार. तर रुमाल खिशात ठेवा. ज्यांच्याबद्दल सांगतोय ते माझे काका, म्हणजे मावशीचे मिस्टर. ते ठणठणीत आहेत, साधे तर अजिबात नाहीत, आणि मोठं मन वगैरे अजून तरी कुणाला सापडलेलं नाही. पण एखाद्या बिघडलेल्या वस्तूचा एवढा अभ्यास करून ती तशीच बिघडलेली ठेवणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नाही, हे मी पंचवटीतल्या कुठल्याही देवळात उभा राहून शपथेवर सांगेन.

काका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, पण इन्स्पेक्शन चालूच. ताटातली पोळी उजेडाकडे धरून बघतात. देवळातल्या प्रसादाच्या पेढ्यालासुद्धा 'गोलाई नाही' म्हणालेत. मी नामपूरहून शिकायला त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा दारातच त्यांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत तपासलं आणि मावशीला म्हणाले, "ठेवून घे. पण डावा खांदा दोन मिलिमीटर खाली आहे." त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "आधी रीडिंग, मग मत." मावशी म्हणाली, मला ताप आलाय, की हे आधी थर्मामीटर शोधणार, मग तो थर्मामीटर बरोबर आहे का ते स्वतःच्या काखेत घालून बघणार, तोवर मावशी उठून स्वयंपाकाला लागलेली.

त्यांची गाडी वीस-बावीस वर्षांची. रंग एकेकाळी निळा होता म्हणतात. दिवाळीनंतर तिचं चार्जिंग बंद झालं. म्हणजे इंजिन चालू असताना अल्टरनेटरने बॅटरी भरायची असते, ती भरेना. गाडी बॅटरीतलं उरलंसुरलं खात राहायची आणि मग कुठंतरी भर रस्त्यात मान टाकायची. दुसरा कुणी असता तर गाडी ढकलत गॅरेजला नेली असती. काकांनी दोनशे पानी वही आणली, समास आखले आणि रोज सकाळी साडेसात ते साडेनऊ बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहायला लागले. मीटरच्या दोन पिना बॅटरीला लावायच्या आणि ओरडायचं, "बारा पॉइंट एक! लिही!" लिहायला मी. चालू गाडीत चौदाच्या आसपास यायला हवेत, इथं बाराच, आणि तेही उतरणीला लागलेले. त्यांनी पट्टा बदलला. अर्थिंगची वायर पॉलिश पेपरने चांदीसारखी घासली. अल्टरनेटर खोलून त्यातले कार्बनचे ब्रश बदलले, मग बॅटरीच नवी आणली. आकडा तोच. जुनी बॅटरी तरी बरी होती का, हे बघायला ती पुन्हा चार्जिंगला न्यायची होती. तेव्हा स्कूटीवर मी ती बाळासारखी मांडीवर घेऊन बसलो आणि घरी आल्यावर माझ्या जीन्सला ॲसिडची सात भोकं निघाली. काकांनी भोकं मोजली आणि वहीत लिहिली: 'गळती, किरकोळ.'

तोवर गाडी वापरायची कशी? तर करंट वाचवून. हेडलाइट नकोत म्हणून सूर्य मावळायच्या आत घरी. वायपर बंद, मावशीचा मोबाइल चार्जिंगला लावायला बंदी, वळताना खिडकीतून हात. आणि हॉर्न? हॉर्न बॅटरी खातो. त्यामुळे पंचवटीच्या गल्लीत, जिथं हॉर्नशिवाय बोकडसुद्धा सरकत नाही, तिथं काका उजव्या खिडकीतून डोकं काढून "ओ, सरका! ओ, पिशवीवाले!" करायचे आणि डावी बाजू मावशीच्या ताब्यात. ती बिचारी पदराने तोंड झाकून बारीक आवाजात "भाऊ, जरा..." म्हणायची. मी हे दोन्ही आवाज हुबेहूब काढतो. कॉलेजात मला नावाने कुणी ओळखत नाही, 'ओ पिशवीवाले' म्हणून ओळखतात.

एकदा मावशीने द्वारका चौकातला एक इलेक्ट्रिशियन बोलावला होता. मूळचा मालेगावचा, कामाला चोख म्हणून नाव. त्याने बॉनेटमध्ये नुसतं डोकावून सांगितलं, "डायनॅमो गेला."

"डायनॅमो नाही, अल्टरनेटर," काका म्हणाले. "आणि कशावरून गेला? रीडिंग घेतलंस?"

"काका, वीस साल से यही काम करतोय."

"मग वीस साल अंदाजाने करतोयस."

तो पान्हे गोळा करून निघाला. दारात मला म्हणाला, "आता हे स्वतः फोन करतील तरच येईन. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर नाय."

मग नात्यातलं एक लग्न आलं. मावशी पैठणी नेसून, गजरा माळून बसलेली, आणि गाडीने द्वारकेच्या चौकात मान टाकली. मागे ट्रक, एसटी, रिक्षा, सगळे एका सुरात. काका स्टिअरिंगवर बसून "आत्ता रीडिंग घेतलं असतं तर महत्त्वाचं ठरलं असतं" म्हणत होते आणि मावशी माझ्याबरोबर गाडी ढकलत होती. पैठणी नेसून. एक रिक्षावाला म्हणाला, "ताई, नवरीला सोडायला चालल्या का?" मावशीने पदर खोचला आणि आणखी जोरात ढकललं. घरी आल्यावर कुलपाची किल्ली टेबलावर ठेवत एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी भंगारवाला येतोय. मी सांगून आलेय. शनिवारपर्यंत गाडी नीट झाली तर राहील."

मावशी असं शांतपणे बोलली की ते होतं, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत. काका आठवडाभर पहाटेपासून बॉनेटपाशी. मी लिहायला. वही संपत आली. गुरुवारी सकाळी मी म्हणालो, "काका, बोलवा ना त्या इलेक्ट्रिशियनला. एक फोन." त्यांनी पिना खाली ठेवल्या. म्हणाले, "कारखान्यात माझी सही नसली तर भरलेला ट्रक गेटवर उभा राहायचा. मालक स्वतः खाली येऊन विचारायचे, काय चुकलंय? आता घरात रिमोटचे सेल बदलायचे असले तरी मला कुणी विचारत नाही. ही गाडीच एकटी रोज सकाळी काहीतरी विचारते. हिचं उत्तर मी दुसऱ्याला विचारू?" आणि पुन्हा डोकं आत.

त्याच दुपारी काका झोपल्यावर मी त्यांचाच फोन घेऊन गच्चीत गेलो. दोनदा घसा साफ केला, कारण ते दोनदा करतात. "हॅलो. हे बघा. मी बोलतोय." नाव न सांगता, कारण काकांच्या मते आवाज हीच ओळख. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बोला काका." इथपर्यंत मी शंभर टक्के काका होतो. पुढे तो गप्पच बसला, आणि मला वाटलं आता नाही म्हणणार. मग मी घाबरून जे बोललो ते काका सात जन्मांत बोलले नसते. "भाऊ, जरा मदत करा. माझ्याच्याने होत नाहीये."

शनिवारी सकाळी तो आला. काका बॉनेटपाशीच. "तू? तुला कुणी बोलावलं?"

"काय काका! तुम्हीच नाय का फोन केला? म्हणाले, माझ्याच्याने होत नाहीये. खरं सांगू, मला कसंतरीच झालं. एवढा ताठ माणूस."

काकांनी हळूच मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलो. मावशी दारात उभी. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "हो. मीच केला होता."

या खेपेला त्या माणसाने आधी मीटर लावला, हेही सांगायला हवं. मग आत बसून किल्ली नुसती फिरवली, गाडी चालू न करता, आणि डॅशबोर्डकडे बघत राहिला. "काका, चार्जिंगचा लाल दिवा का नाय लागत?"

"तो मी काढलाय."

"काढलाय?"

"किल्ली फिरवली की तो लागायचा आणि ही शेजारी बसून रोज किंचाळायची, लाल दिवा लागला, लाल दिवा लागला. दिवाळीच्या आधी काढून टाकला. किंचाळणं बंद."

"अहो, त्या दिव्यातूनच डायनॅमोला पहिला करंट जातो! त्याच्याशिवाय तो उठणारच नाय!"

दोनशे पानांत ही नोंद नव्हती. कारण काकांच्या लेखी ती गाडीची दुरुस्ती नव्हतीच, संसाराची होती. काका आत गेले आणि कपाटातून एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. आत शेंगदाण्याएवढा बल्ब, वर चिठ्ठी: 'चालू स्थितीत.' दहा मिनिटांत तो जागेवर बसला, गाडी सुरू झाली, दिवा लागून विझला, आणि मीटरवर चौदा पॉइंट एक. मी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे झालं म्हणा," आणि हसत आत गेली. भंगारवाल्याला तिने आतूनच फोन केला, मी ऐकला.

काकांनी मला गाडीत बसायची खूण केली. गोदावरीच्या पुलापर्यंत गाडी नेली. तिथं ती बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि सुरू झाले.

"गाढवा, नव्वद दिवस शोधत होतो मी. अजून चार दिवसांत सापडलं असतं."

"पण काका, भंगारवाला उद्याच..."

"मध्ये बोलू नकोस. माझा आवाज काढलास. काढ. कॉलेजात काय काढतोस तेही मला माहितीये, पिशवीवाले. पण ते वाक्य? ते कुठून आणलंस? मी कधी म्हणालो होतो तसं?"

"नाही काका."

"नाहीच." मग आवाज जरासा उतरला. "पासष्ट वर्षांत मी कुणाकडे मदत मागितली नव्हती रे. पहिल्यांदा मागितली, आणि नेमका तेव्हा मी झोपलो होतो!"