मे महिन्यातला कोट

बोलण्याआधी ते दोन्ही हातांनी कोटाची कॉलर उभी करायचे, हॅट कपाळावर ओढायचे आणि सावकाश म्हणायचे, "आता कोणी जागेवरून हलाचं नाई." स्टेजवर म्हणायचे ते ठीक. पण चहाच्या टपरीवर, अंगात साधा सदरा असतानाही, नसलेली कॉलर वर करून हेच म्हणायचे आणि टपरीवाला हातात कप धरून खरंच थांबायचा.

आमच्या झाडीपट्टीतली नाटकं तुम्ही पाहिली असतील, तर हा माणूस तुम्ही पाहिलाच आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलं. नाटकात खून असला की शेवटच्या अंकात हेर यायचा, आणि हेर म्हणजे हेच. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. उरलेलं वर्ष ते आरमोरीच्या एका राइस मिलमध्ये पोती काट्यावर चढवायचे. तिथले हमालही साहेबच म्हणत, फक्त पोतं पाठीवर देताना.

कोट माझ्या हातचा. आरमोरीत माझं शिलाईचं दुकान आहे, नाटक कंपनीचे कपडे मी शिवते, सांभाळते, प्रयोगाला बरोबरही जाते. साहेबांनी कुठल्याशा जुन्या सिनेमाच्या पोस्टरवरून कागदावर कोटाचं चित्र काढून आणलं होतं. गुडघ्याखाली लांब, दुहेरी बटणं, कमरेला पट्टा, खांद्यावरही पट्ट्या.

"खांद्यावर पट्ट्या कशाला?" मी विचारलं.

"ते मले नाई माहीत. पण रायते."

"आणि मला सांगा, लपून तपास करणारा माणूस अख्ख्या गावाला लांबून ओळखू येईल असे कपडे का घालतो?"

साहेब गंभीर झाले. "बाई, चोराले आधी भेव वाटलं पाह्यजे ना. भेव कोटाचंच वाटते. आपल्याले कोण भेते?"

मी हसले. जाड खाकी कापड आणून, आत अस्तर घालून कोट शिवला. हॅट त्यांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून आणली. ती थोडी मोठी होती, म्हणून मी आत कापडाची पट्टी शिवून दिली. पहिल्यांदा सगळं घालून ते आरशासमोर उभे राहिले तेव्हा मीसुद्धा मशीन थांबवलं. पोती उचलणारा माणूस त्यात दिसतच नव्हता.

पुढचं सांगायला जड जातं.

एका गावी मंडईच्या दुपारी आम्ही सगळे चौकात होतो. साहेब हौसेनं दुपारपासूनच कोट घालून फिरत होते, पोरंटोरं मागे. तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी हात जोडून पुढे आला. "साहेब, माही पाण्याची मोटर चोरी गेली जी. तुमी तपास लावा."

अर्धी थट्टा होती, अर्धा विश्वास होता. "दादा, मी नाटकवाला आहे," एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण गर्दी जमली होती. साहेबांनी कॉलर उभी केली. एकेका माणसासमोर थांबत, डोळ्यात पाहत ते चौकभर फिरले आणि म्हणाले, "मोटर कोण नेईल? ज्याले मोटर खोलता येते, थोच."

वाक्य त्यांनी तिथल्या तिथे जुळवलं होतं. पण गावात मोटर खोलणारा एकच होता. रोशन. मोटरींचं वाइंडिंग करायचा, विधवा आईबरोबर राहायचा. तो गर्दीतच उभा होता, सगळ्यांबरोबर हसत होता, पाना त्याच्या खिशातच होता. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या आणि त्याचं हसू गेलं. "पाहा, पाहा, तोंड कसं उतरलं!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या.

कोणी त्याला मारलं नाही, पोलिसांत गेलं नाही. फक्त त्याच्याकडे मोटर न्यायचं लोकांनी बंद केलं. शिमग्याच्या आधी तो मिरची तोडणाऱ्यांच्या टोळीबरोबर तेलंगणात गेला. टोळी परत आली. तो आला नाही आणि त्याचा फोनही लागेना.

मोटर सापडली. म्हाताऱ्याच्या जावयानंच ती न विचारता आपल्या शेतावर नेली होती. घरची गोष्ट म्हणून घरातच ठेवली गेली. साहेबांना कळलं ते मिलमध्ये. जावई धान घेऊन आला होता, त्यानंच हसत हसत सांगितलं. त्या दिवशी साहेब माझ्या दुकानात येऊन बसले. चहा आणला, तो थंड झाला.

"बाई, त्याचं नाव मी खराब केलं. आता मलेच साफ करा लागन."

पुढच्या मंडईला त्याच गावात नाटक होतं. शेवटच्या अंकात साहेब स्टेजच्या पुढे आले, हॅट काढली आणि म्हणाले, "या गावच्या रोशननं मोटर चोरली नवती. मी खोटा बोललो. मले माफ करा." त्यांचा आवाज फुटला होता. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. डायलॉग इतका आवडला, की जावयानं माईकवरून बक्षीस जाहीर केलं. विंगेत आल्यावर साहेब कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडले.

मग मे महिन्यात, मिलला सुटी होती तेव्हा, ते एकटेच त्या गावी गेले. साधा सदरा, डोक्याला दुपट्टा. घरोघरी जाऊन सांगू लागले, तर लोक विचारायचे, "तुमी कोण जी?" एका बाईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "नाटकातल्या साहेबासारखे थोडे दिसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. "कोट द्या बाई. आन् तुमी बी चाला संगं. एकट्याचं कोणी आयकत नाई."

आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. त्या उन्हात हा माणूस कॉलर उभी करून, पट्टा आवळून, हॅट घालून गल्लीगल्लीतून चालला. मी मागून पाण्याची बाटली घेऊन. मी घातलेलं ते अस्तर मला पावलोपावली बोचत होतं. पण आता दारं उघडली. "साहेब आले, साहेब आले." माणसं ओट्यावर आली, उभी राहून ऐकू लागली. "रोशन चोर नाई. चुकी माही हाय. मोटर घरच्याच माणसानं नेली होती." म्हाताऱ्यानं मान खाली घातली आणि चारचौघांत म्हणाला, "खरं आहे जी." मी पण सांगितलं, की मी टाळ्या वाजवल्या होत्या.

शेवटचं घर रोशनच्या आईचं. साहेबांनी हॅट काढली, अंगणातच तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ती शिव्या घालेल. मला तशी आशाच होती.

ती त्यांच्या कोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी लोकायले शोधता ना साहेब? मंग माह्या पोराले शोधून आना ना. मिरचीवाले दोन साल येऊन गेले, माहा रोशन काऊन नाई येत?"

मीच म्हणाले, "मावशी, हे नाटकातले साहेब आहेत."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "पन दुसरं कोण जाते?"

त्याच आठवड्यात साहेब निघाले. मी गडचिरोलीपर्यंत त्यांच्यासोबत गेले, तेलंगणाच्या हद्दीवरच्या सिरोंच्याची गाडी लागली होती. पिशवीत दोन सदरे, रोशनचा एक फोटो आणि हातावर कोट. कोट कशाला, मी विचारलं. म्हणाले, "तिकडं मले तेलुगू येत नाई. कोट पाहून कोणी तरी थांबन." खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, खराखुरा माणूस शोधाले सुरुवात कुठून करते? नाटकात तर थो विंगेतच उभा रायते."

मला काय माहीत? मी म्हणाले, मिरचीच्या शेतांपासून.

आधी मधून मधून फोन यायचा. एकदा मंचेरियालहून, एकदा कुठल्याशा गोदामावरून, "इथी एक वाइंडिंगवाला होता म्हनते" असं सांगत. मग तेही थांबलं. कंपनीनं यंदा दुसरा माणूस घेतला. त्याच्यासाठी कोट शिवायला सांगितला, तो मी घेतला नाही.

रोशनची आई बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात येते, पायरीवर टेकते. मुलाबद्दल ती हल्ली विचारत नाही. मशीन चालू असतं, मी मान वर करत नाही, आणि ती विचारते, "तिकडं साहेबाले जेवाले कोण देत असन व बाई?"