सातव्या चौकटीतला खलनायक

एक विचारू का? डोळे मिटून गोड हसत बोलणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवाल, की कपाळाला आठ्या घालून भाव करणाऱ्यावर? जपानी कार्टूनमध्ये, म्हणजे पोरं ज्याला ॲनिमे म्हणतात त्यात, जो सारखा डोळे मिटून हसतो तोच शेवटी गाव जाळतो. जपान्यांनी हे दाखवायच्या कितीतरी आधी अमरावतीच्या गिऱ्हाइकांनी मला हे शिकवलं होतं!

दुकानातला माल विकला की जागा रिकामी होते. किस्स्यांचं तसं नाही. कितीही वेळा सांगा, किस्सा जागचा हलत नाही, आणि वर दोन नवे येऊन बसतात. माझ्याकडं त्यांचा ढीग झालाय. त्यातले काही आज सांगून टाकतो.

माझं दुकान टी-शर्ट, पोस्टर आणि फ्लेक्स छापायचं. शाळा मी नववीत सोडली. मशीन, रंग, कॉम्प्युटर, सगळं बिघडवून बिघडवून शिकलो. कॉलेजच्या रस्त्यावर बसून एक गोष्ट पक्की कळली : हिरोचा टी-शर्ट कपाटात पिवळा पडतो, खलनायकाचा हातोहात जातो. आपण काय विकतोय ते तरी कळावं म्हणून मी एक दिवस ॲनिमे पाहायला बसलो. तो आजतागायत बसलोच आहे.

★

सुरुवात झाली ती गुणवंताच्या घोळातून.

गुणवंता अंजनगाव सुर्जीचा. तेव्हा तो माझ्याकडं डिझाइन करायचा, आता घरची केळी पाहतो. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सायमन सर एकदा दुकानात आले. निवृत्त झाल्यापासून ते चर्चच्या रविवार शाळेत शिकवत. ख्रिस्ती धर्मातल्या सात मोठ्या पापांचा तक्ता त्यांना छापून हवा होता : गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस. प्रत्येक पापाला एक चौकट, चौकटीत सरांनी स्वतः काढलेलं चित्र.

गुणवंतानं नावं सरांची घेतली आणि चित्रांची फाइल भलतीच उचलली! टी-शर्टासाठी जमवलेले सहा ॲनिमे खलनायक सहा पापांखाली जाऊन बसले. सातवी चौकट कोरी.

सर फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले. मी आत घाम पुसत होतो. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "गुणवंता, हे माझ्या चित्रांपेक्षा जास्त पापी दिसून राहिले रे!"

सरांचा तक्ता नव्यानं छापून दिला. तो चुकलेला फ्लेक्स मात्र दुकानाच्या मागच्या खोलीत लागला, आणि दर रविवारी संध्याकाळी त्याच्यासमोर आमची बैठक भरू लागली. सर, गुणवंता, पूजा सांगणारा श्रीपाद गुरुजी, मृणाल वकील आणि मी. चहा आणि गिला वडा माझ्याकडून. फ्लेक्सवरचे सहा खलनायक बसले होते ते योगायोगानं, म्हणून सरांनी सगळेच खाली उतरवले आणि खटला नव्यानं सुरू केला. खलनायक पाहायचा, त्याला पाप लावायचं, मग हात वर करून मत. बहुमत झालं की त्याचं नाव मार्करनं चौकटीत लिहायचं.

नियम एकच, तोही सरांचा : पाप लावणाऱ्यानं साक्षीदार द्यायचा. म्हणजे तसंच पाप करणारा माणूस आपल्या अमरावती-अकोल्यात दाखवायचा. नाव घ्यायचं नाही. "नाहीतर जपान्यांवर दगड मारणं लय सोपं हाय," सर म्हणाले.

★

सरांबद्दल एक सांगायला हवं. ते एकटे राहतात, वरच्या मजल्यावर. मागं एकदा जिन्यावरून पडले. त्यांची मुलगी रूथ अकोल्यात नर्स आहे. तेव्हापासून ती त्यांना कायमचं घेऊन जायला टपलीय. तिच्या फोनला सरांचं उत्तर ठरलेलं :

"सातवी चौकट भरली की येतो, बेटा."

मग रूथचा फोन मला. "काका, ती चौकट भरून टाका ना! कोणालाही बसवा!"

कोणालाही बसवणार कसं? मतदान होतं!

★

खादाडपणावर पहिलं भांडण झालं. श्रीपाद गुरुजी उपरणं सावरत म्हणाला, "सर, आमच्याकडं शत्रू सहाच. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. त्यात खाणं नाही."

"म्हणून तर तुमच्या पंगती उठत नाहीत!" सर म्हणाले.

त्या आठवड्याचा खलनायक शहरंच्या शहरं गिळायचा. साक्षीदार शेवटी श्रीपादनंच दिला, त्याचे मामा. चांदूर बाजारला एका लग्नात मामा जिलेबीला बसले. वाढणारा येऊन जाऊन दमला, कोपऱ्यात टेकला. मामांनी पानावरून मान वर केली आणि यजमानाला काळजीनं विचारलं, "वाढणाऱ्याची तब्येत बरी नाई का हो?"

पाचही हात वर. श्रीपादचा सगळ्यात आधी.

★

गर्वाला साक्षीदार शोधावा लागला नाही. तो स्वतःच्या पायांनी दुकानात आला.

आमचा खलनायक होता पांढऱ्या केसांचा, दिसायला देखणा, आभाळात उभा राहून "आता देव मीच" म्हणणारा. आणि त्याच आठवड्यात एक पुढारी भाऊ वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आले. स्वतःचाच वाढदिवस, शुभेच्छुकही स्वतःच गोळा केलेले. डिझाइन पाहून म्हणाले, "माझा फोटो मोठा करा."

केला.

"अजून."

"भाऊ, कार्यकर्त्यांचे चेहरे झाकून राहिले."

"मंग त्यायले बारीक करा."

तेही केलं. भाऊंनी मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. वर कोपऱ्यात गणपती होता.

"आन् ह्यायनं लय जागा खाल्ली ना!"

★

क्रोधाचा खटला मृणालनं आणला. ॲनिमेत एकानं भावावरच्या रागापायी अख्खं राज्य बेचिराख केलं होतं. मृणाल म्हणाली, माझे पक्षकार आहेत ना. अचलपूरकडचे दोघं भाऊ, शेताच्या धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, केस. इतकी जुनी की तिच्या वकील वडिलांनी सुरू केलेली.

तारखेला दोघं एकाच एसटीनं यायचे. एका सीटवर. डबा एक, कारण दोघांचा स्वयंपाक धाकट्याच्या घरी. कोर्टात एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, बाहेर आलं की एका कपातला चहा बशीत ओतून अर्धा-अर्धा.

न राहवून मृणालनं थोरल्याला विचारलं, "काका, एवढं जमतं तर मिटवून का टाकत नाही?"

थोरला दुखावल्यासारखा झाला. "मिटवलं त मंग दोघं मिळून अमरावतीले येऊ कायले, वकीलबाई?"

सरांनी निकाल दिला, ह्यात क्रोध कुठंच नाही. साक्षीदार बाद! क्रोधासाठी मग गुणवंतानं आपल्या गावचा एक बैल आणला, पण ते लांबलचक आहे.

★

वासनेची चौकट आली तेव्हा श्रीपादनं छताकडं पाहिलं, गुणवंता मोबाइलकडं पाहू लागला आणि मृणालनं कप उचलला, जो रिकामा होता.

सर म्हणाले, "ह्या पापाले साक्षीदार नको. गाव लहान हाय."

एकमतानं मंजूर.

★

मत्सर माझ्या वाट्याला. ॲनिमेतला खलनायक हिरोचा चेहरा चोरून त्याच्याच घरी राहायला जातो. मी म्हटलं, हा तर आमच्या समोरच्या गल्लीत आहे!

त्या गृहस्थांनी माझ्यासारखंच दुकान काढलं. रंग तोच, पाटी तीच, काउंटरही तसंच डाव्या हाताला. माझ्या पाटीचा फोटो काढून त्यांनी बाहेरगावी हुबेहूब तशीच करायला टाकली. नाव तेवढं बदललं. खालचा फोन नंबर माझाच राहिला!

"मंग तुमी सांगतलं त्यायले?" गुणवंतानं विचारलं.

"सांगणार होतो," मी म्हटलं, "पण तेवढा वेळ कुठं मिळतो? फोन लय येतात."

सरांनी मत्सराच्या चौकटीत खलनायक बसवला, आणि लोभाच्या चौकटीकडं बोट करून माझ्याकडं पाहत राहिले.

★

अशा सहा चौकटी भरल्या. आळस राहिला.

तुम्ही ॲनिमे पाहत नसाल तर सांगतो, खलनायकासारखा कष्टाळू माणूस नाही! पहाटे उठतो, शेकडो वर्षांचं नियोजन करतो, फौज उभी करतो, भाषण पाठ करतो. शेवटच्या लढाईलाही वेळेवर येतो. हिरो झोपून उठतो, शाळेला उशिरा जातो. आळशी तो, पण तो हिरो!

आम्ही किती उमेदवार आणले. एक पलंगावरून युद्ध चालवायचा. सर म्हणाले, "युद्ध चालवतो ना? मंग आळशी कसा?" एक लढता लढता झोपायचा. "थकला असन बिचारा." दर रविवारी सर एकेकाला सोडवायचे आणि गिला वडा उचलायचे. आम्हीही फार ताणून धरत नव्हतो, खरं सांगायचं तर. ती कोरी चौकट पाहिली की बरं वाटायचं.

मधे एका संध्याकाळी सर जिना उतरताना कठडा धरून बराच वेळ थांबलेले मृणालला दिसले. तिनं ते आम्हाला सांगितलं. पुढच्या रविवारी गुणवंता केळ्यांचा घड घेऊन आला आणि सरांच्या खोलीवर स्वतः पोचवून आला.

★

मागच्या रविवारी बैठक नुकती बसली होती. पडदा सारून रूथ आत आली. थेट अकोल्याच्या बसमधून. हातात एक मोठी रिकामी बॅग.

"आज मला एक खलनायक मांडायचाय," ती म्हणाली.

सर वडा खाता खाता थांबले. "तू कवा पाहाले लागली हे?"

"नाइट ड्यूटीनंतर. तुमच्यासाठी."

तिनं मोबाइल भिंतीला टेकवून लावला. एक म्हातारा राजा. राज्य ओस पडलंय, महालाला तडे गेलेत, छत खाली येतंय. राजा सिंहासनावर बसलेला, भोवती जुने सरदार. दाराशी त्याची लेक घोडा घेऊन उभी. ती हाक मारते, राजा म्हणतो, उद्या निघू. परत हाक मारते, उद्या निघू. लढत नाही, ओरडत नाही, कोणाचं वाईट करत नाही.

"मंग हा खलनायक काहून?" गुणवंतानं विचारलं.

"कारण दाराशी ती उभी आहे ना, दादा."

सरांनी हातातला वडा बशीत ठेवला.

"साक्षीदार?" मृणालनं हळूच विचारलं.

रूथनं बॅग सरांच्या पायाशी ठेवली. "हे बसलेत. दोन नाताळ झाले. बॅग मी आणते, मीच परत नेते. ह्यांनी अजून त्यात एक रुमाल टाकला नाही."

गुणवंता उठला. "साक्षीदार खोलीत हजर असन त चालत नाई! नियम हाय!"

"असा नियम नाही, गुणवंता," मृणाल म्हणाली.

"मंग आता करू ना!"

सरांनी त्याला हातानं खाली बसवलं. रुमालानं बोटं पुसली. "मतदान घ्या."

मृणालनं हात वर केला, कोणाकडंच न पाहता. श्रीपादनं दोन्ही हात उपरण्यात गुंडाळून घेतले. गुणवंता आपल्या हातांवर बसला.

मग सरांचा हात वर गेला. सावकाश, वर्गात हजेरीला जातो तसा.

"पुरावा पक्का हाय," ते म्हणाले.

दोन वर, दोन खाली. राहिलो मी. रूथ माझ्याकडं पाहत होती, गुणवंताही पाहत होता, आणि मी फ्लेक्सकडं पाहत होतो.

सरांनी मार्करचं टोपण काढलं आणि मार्कर माझ्यापुढं धरला.

"प्रकाश," ते म्हणाले, "हिशेब इमानदारीनं ठेवजो."