आत्याने बसवलेली ब्लोअरची मोटर

माझी आत्या घरी शिवणकाम करते आणि पन्नाशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकली. गाडी माझ्या बाबांची. डोळे अधू झाल्यावर त्यांनी किल्ली बहिणीच्या हातात ठेवली खरी, पण जीव काही गाडीतून निघाला नाही. ती चालवत असताना ते एकदाही तिच्या शेजारी बसले नाहीत. बसने जातील, पायी जातील, तंगडतोड करून घरी आल्यावर कण्हतील, पण बसायचे नाहीत!

आत्याचं मात्र गाडीवाचून पान हलत नव्हतं. पूर्वी कापडाचे गठ्ठे आणि शिवलेले पडदे ती खांद्यावर वाहायची. आता पुढच्या सीटपाशी टाकले की निघाली.

ऐन थंडीत गाडीतला, काचेवर हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला आणि काच आतून धुरकट व्हायला लागली. आत्या एका हाताने काच पुसत फाटकातून आत आली, ते नेमकं बाबांनी पाहिलं.

"एक हात काचेवर, एक गिअरवर. स्टिअरिंग काय दातांनी धरतेस?"

त्यांचं चूक नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक येणार, गाडी विकून टाकायची, असं त्यांनी जाहीर केलं.

"त्याच्या आत ब्लोअर चालला तर, दादा?" आत्याने विचारलं.

"तर गाडी तुझी. पण काच लख्ख झाली पाहिजे. नुसती घरघर नको."

गॅरेजवाला म्हणाला, आठवडाभर ठेवून जा. मग आत्यानेच दुकानातून नवी मोटर आणली. रविवारी जेवणं आटोपल्यावर तिने बॅटरीची तार सोडवली आणि पाय दाराबाहेर काढून डॅशबोर्डाखाली आडवी झाली. मी टॉर्च धरला. बाबा अंगणात येरझाऱ्या घालत होते, पण प्रत्येक फेरी गाडीपाशीच संपत होती.

स्क्रू निघाले, जुनी मोटर खाली आली आणि तिच्याबरोबर आत्याच्या तोंडावर दोऱ्यांचा, कापडाच्या तुसांचा ढीग पडला.

"अगं बाई! ही डॉक्टरीणबाईंच्या पडद्यांची निळी तूस. हा शेजारणीच्या कोटाच्या अस्तराचा दोरा." ती पडल्या पडल्या हसायला लागली. "गठ्ठे इथेच टाकायचे ना मी, पंख्याने सगळं ओढून घेतलं. मोटर मीच मारली की!"

नव्या मोटरीचा प्लग जुळेना. तिने जुना प्लग कापून त्याच्या तारा नव्या मोटरीला जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली, मोटर बसवली, बॅटरी जोडली. बटण फिरवलं. मोटर फिरत होती, पण हवा नावापुरती.

बाबांनी खिडकीतून हात घातला. "एवढ्याने चहासुद्धा निवायचा नाही."

माझं तोंड पडलं. आत्या कान देऊन मोटरीचा आवाज ऐकत राहिली. मग एकदम म्हणाली, "शिलाई मशीनचं चाक उलटं फिरलं तर मशीन चालते गं, पण टाका धड पडत नाही. पंखा उलटा फिरतोय. दोन्ही तारा काळ्या, मी अदलाबदल केली."

पुन्हा बॅटरीची तार सोडव, पुन्हा आडवी हो. उसवायची सवय तिला जन्माची, त्यामुळे कुरकूर नाही. तारा बदलून बाहेर आली, बॅटरी जोडली आणि भावाला म्हणाली, "बस आत. काच तूच धुरकट कर, म्हणजे नंतर बोलायला नको."

बाबा तिच्या शेजारच्या सीटवर बसले, मी मागे. खिडक्या बंद करून ते काचेवर असे काही हा-हा करत सुटले, की पलीकडचं फाटक दिसेनासं झालं. आत्याने बटण फिरवलं.

भस्सकन हवा आली! उरलीसुरली निळी तूस उडून बाबांच्या मिशीत बसली. मी मागच्या सीटवर टाळ्या पिटल्या. काच खालून वर उजळत गेली. आधी बोनेट दिसलं, मग फाटक, मग फाटकात उभं असलेलं गिऱ्हाईक.

बाबांनी खिडकी खाली केली. "माफ करा हं, गाडी विकायची नाही. बहिणीची आहे."

खिडकी वर करून ते तसेच बसून राहिले. मिशीतली तूस त्यांनी झटकली नाही.

"चल," ते आत्याला म्हणाले, "बाजारापर्यंत एक चक्कर मारून आण मला."

"आधी पट्टा लाव, दादा," आत्या म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.