दिसचार

किल्ल्या बनवणाऱ्या माणसाला गल्लीनं ‘किल्लेदार’ म्हणायचं ठरवलं, तेव्हा त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. गड नाही, तोफ नाही. एक टपरी, एक घासायचं यंत्र आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. पण रुबाब किल्लेदाराचा. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की कानशीबरोबर त्याचं तोंडही सुरू व्हायचं. किल्ली तयार झाली तरी गिऱ्हाईक उठायचं नाही, कारण गोष्ट अर्धी राहिलेली असायची.

एकाच बाबतीत तो हटून बसायचा. कुणी नकलेवरून आणखी एक नक्कल मागितली की किल्ली परत करायचा. मूळ आणा म्हणायचा. नकलेची नक्कल काढली की दाते जरा जरा सरकतात. हाताला कळत नाही, कुलपाला कळतं.

कपाटाची किल्ली हरवलेल्या एक प्राध्यापिकाबाई अशाच एकदा स्टुलावर अडकून पडल्या. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्या एक कार्यक्रम चालवायच्या. साधी माणसं उभी राहून आपल्या आयुष्यात घडलेलं सांगायची. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी आणि हातात कागद नको, एवढ्याच अटी. तुम्ही याच, त्या म्हणाल्या. किल्लेदार म्हणाला, छे, मला कुठलं येतंय. आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगून आला.

कुठली गोष्ट सांगायची याचा त्याला विचार करावाच लागला नाही. ताईची.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ताई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात लागली आणि तिनं त्याला वाढवलं. तुझं लग्न लावण्याच्या धांदलीत माझं राहूनच गेलं बघ, असं ती इतक्या सहज सांगायची की ऐकणाऱ्याला तो विनोदच वाटायचा. आता निवृत्त होऊन ती टपरीमागच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होती. दुपारी टपरीला पडदा ओढून तो तिच्याकडे जेवायला जायचा. त्याच्या बायकोनं ही वाटणी केव्हाच मान्य केली होती.

तर ताईचा एक शब्द होता, ‘दिसचार’. म्हणजे डिस्चार्ज. आई दिवसाला ‘दिस’ म्हणायची, त्यामुळे घरात त्याचा अर्थ लागला होता चार दिस, चार दिवसांत सुटका. पुढे तो शब्द हॉस्पिटलातून निघाला आणि घरभर हिंडला. ताप उतरला की तापाला दिसचार. परीक्षा संपली की दिसचार. मुक्काम ठोकलेले पाहुणे एकदाचे गेले की ताई दार लावून हळूच म्हणायची, “मिळाला बाई दिसचार.” शर्टाचं बटण तुटलं तरी बटणाला दिसचार. आणि दुपारी जेवून तो उठला, पायात चपला सरकवू लागला, की दारात उभी राहून विचारायची, “मिळाला का दिसचार?” त्यावर त्यानं म्हणायचं, “तुझी सही राहिलीय.” मग ती त्याच्या पाठीत बोटानं सही करायची. केस पांढरे झाले तरी यात खंड नव्हता.

हॉलमध्ये त्यानं हे सगळं सांगितलं. कमरेवर हात ठेवून, ताईसारखी मान तिरकी करून. लोक हसले. हसले म्हणून त्याला आणखी चेव आला आणि तो म्हणाला, “नोकरी हॉस्पिटलात, आणि जन्मभर शब्द चुकीचा. तिला वाटायचं, डॉक्टर चार दिवसांचा वायदाच करतात.” लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

ताई दुसऱ्या रांगेत बसली होती, ठेवणीतले कपडे घालून. शेजारच्या बाईनं वाकून विचारलं, तुम्हीच का त्या? ताई म्हणाली, हो, मीच. आणि तीही हसली. घरी परतताना ती एवढंच म्हणाली, की आवाज छान लागला होता, अगदी मागच्यांनाही ऐकू गेलं असेल. किल्लेदारानं ती शाबासकी समजून खिशात टाकली.

मग बोलावणी येऊ लागली. गोष्टीला धार चढत गेली. कुठं थांबायचं, कुठं डोळे मोठे करायचे, हे त्याला उमगलं. एका कार्यक्रमात गोष्टीतली ताई डॉक्टरांशीच हुज्जत घालू लागली. असं काही झालं नव्हतं. पण झालं असतं तर असंच झालं असतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. ताई पुन्हा ऐकायला आली नाही. गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणाली.

कुलपातली पिन बसली की नाही हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. घरातला एक शब्द बंद झाला, हे मात्र कळायला किती दिवस गेले. बोलणाऱ्याला ऐकायला सवड कुठं असते! ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तो न्यायला गेला, तेव्हा कॉटवर पाय खाली सोडून बसलेली ताई बातम्या देणाऱ्या बाईसारखं स्वच्छ म्हणाली, “डिस्चार्ज मिळाला. रिक्षा बघ.” नर्ससमोर तोऱ्यात बोलतेय, असं वाटून तो हसला. पण घरी आल्यावरही तेच. नळाची गळती थांबली, तर म्हणाली, थांबली एकदाची. तो जेवून उठला, तर म्हणाली, “सावकाश जा.” पाठीवर सहीही नाही. त्यानं आठवून पाहिलं. बऱ्याच दिवसांत नव्हती.

थोड्याच दिवसांनी धोबीखान्यात ताईबरोबर काम केलेली तिची मैत्रीण ट्रंकेची किल्ली करायला टपरीवर आली. तिच्या सुनेनं कुठंतरी त्याची गोष्ट ऐकली होती. स्टुलावर बसता बसताच तिनं त्याला फैलावर घेतलं.

“डिस्चार्ज म्हणता येत नव्हतं म्हणे तिला! अरे, रोज सकाळी दोन गाठोडी यायची. भरतीच्या चादरी वेगळ्या, डिस्चार्जच्या वेगळ्या. चुकलं तर मुकादम अंगावर धावून यायचा. तो शब्द आम्हा सगळ्यांच्या आधी तुझ्या ताईला आला.”

“मग दिसचार?”

“तो तुझा, बाबा. तुझी आई दवाखान्यात होती, तू एवढासा. नर्स डिस्चार्ज म्हणाली आणि तू ताईला विचारलंस, दिस चार म्हणजे चार दिसांत येणार ना आई? ती हो म्हणाली. आणि नशीब बघ, आई आलीसुद्धा तशीच. पुढं गेली बिचारी, पण तेव्हा आली. धोबीखान्यात किती कौतुकानं सांगायची ती. आम्हीही मग दिसचारच म्हणायला लागलो.”

यंत्र चालूच होतं. किल्ली हवी त्याहून खोल घासली गेली. त्यानं ती बाजूला टाकून दुसरी लावली आणि ती पुरी होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मैत्रिणीला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

ती गेल्यावर त्यानं ताईचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. तिच्या तोंडचा दिसचार. आठवेना. जो आठवला तो त्याचाच होता. कमरेवर हात ठेवलेला, मान तिरकी केलेला.

दुपारी गेला तेव्हा ताई वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तिनं दोन टोकं त्याच्या हातात दिली. दोघांनी ताणून झटकली, मग तो टोकं घेऊन तिच्याजवळ आला. हे काम दोघं तो लहान असल्यापासून करत होती. त्याला बोलावं लागत नव्हतं, तिला सांगावं लागत नव्हतं.

“ताई, दिसचार माझा होता ना?”

तिनं चादरीची कड जुळवून घेतली. “लहान होतास तू.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“एवढी माणसं तुझ्याकडे बघून हसत होती. मध्येच उठून सांगू, की हा वेडा चुकतोय?”

“नंतर तरी सांगायचं.”

“नंतर तू फारच छान सांगायला लागलास म्हणे.” टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मी आता ती गोष्ट कुठंच सांगणार नाही, तो म्हणाला. बरं, ताई म्हणाली. दुसरी चादर घेतली.

“आता घरात तरी म्हण ना.”

तिनं घडी गठ्ठ्यावर ठेवली. मग अगदी मऊ आवाजात, लहानपणी औषध कडू आहे हे सांगताना असायचा तशा आवाजात म्हणाली, “नाही रे येत आता. तोंडाशी आला की तो हॉल दिसतो.”

जेवण झालं. त्यानं ताटं उचलून ठेवली. दारात येऊन एक चप्पल घातली, दुसरीचा अंगठा उगाचच चाचपत राहिला. पाठ ताईकडे होती. तिनं ती पाठ पाहिली असणार, ओळखलंही असणार. तो वाट बघत वाकून उभा होता.

“दार ओढून घे,” ताई म्हणाली. “बोटं सांभाळ.”

त्यानं दार ओढलं. कुलूप त्यानंच बसवलेलं होतं. एका झटक्यात लागलं.