बाटगा आंबा

"हा खोबऱ्या. हा शेप्या. बाटग्याचे मात्र आणले नाहीत हं," सर म्हणाले आणि सगळे हसले.

कानोत्याच्या धरणावर आम्हा जयपूरच्या मराठी माणसांची सहल होती. सर म्हणजे माझ्या कंपनीतले वरिष्ठ. त्यांनी गावाहून आंब्यांची पेटी मागवली होती. आमच्याकडे रायवळ आंब्याच्या प्रत्येक झाडाला नाव असतं. चवीवरून, आकारावरून, घडलेल्या गोष्टीवरून.

"बाटगा मतलब?" इथेच वाढलेल्या एका वहिनींनी विचारलं.

"त्यांच्यातली, गावकुसाबाहेरची एक पोरगी चढली होती त्यावर. आजोबांनी खोडाला बांधून ठेवलं तिला, दिवस मावळेपर्यंत. तेव्हापासून घरात तो आंबा कुणी तोंडात घालत नाही. बाजारात विकतो. खाणाऱ्याला काय कळतंय!"

पुन्हा हसू. माझ्या हातातली फोड हातातच राहिली.

माझी आई जरा लांब, उन्हात बसली होती. ती कधीच झाडाखाली बसत नाही. जवाहर नगरात आमच्या फाटकापाशी कडुनिंब आहे. मे महिन्यात रिक्षाची वाट बघतानाही ती त्याच्या सावलीबाहेर उभी राहते. लहानपणी मी झाडाला टेकले की दंड धरून ओढायची. का, ते सांगायची नाही. मला राग यायचा तिचा. सर तिच्या माहेरच्या गावचे, हे तिने त्या सकाळी गाडीत सांगितलं. वर म्हणाली, बोलू नकोस.

आता ती मनगटं चोळत होती. मला कळलं.

ती उठली. सरांसमोर येऊन उभी राहिली. आवाज अगदी खाली.

"चढले नव्हते मी. पडलेला उचलला होता."

कुणी हसलं नाही. सर चाचरले. "अहो काकू, जुन्या काळातल्या गोष्टी. मनाला लावून घेऊ नका." मग माझ्याकडे वळून, ऑफिसातल्या आवाजात, "आईंना घेऊन जरा गाडीत बसा."

गाडीत बसा! अंगाची लाही लाही झाली. 'हो सर' जिभेवर आलंच होतं, रोजची सवय. गिळलं.

"नाही बसणार. आधी गोष्ट नीट सांगा. इथेच, सगळ्यांसमोर. ती चढली नव्हती."

त्यांनी सुरी पुसली, पेटी बंद केली. लोक सतरंज्या गुंडाळायला लागले.

तेव्हापासून ते झाड माझ्या मागे लागलंय. ऑफिसात मान खाली घालून काम करते, तरी खोड दिसतं. खोडाशी परकरातली आई दिसते. तो आंबा तिने खाल्ला होता का, एवढंही तिला विचारायचा धीर होत नाही.

आई म्हणते, सोडून दे. नाही सोडणार. येत्या उन्हाळ्यात मी त्या गावात जाणार. आई येवो न येवो. त्यांच्याच बांधावर उभी राहून सांगणार, की भुकेल्या पोरीने खाली पडलेला आंबा उचलला आणि तिला दोराने बांधणाऱ्यांनी हे झाड बाटवलं. आता लाजेने कुणी नाव बदलायला निघालं, तर तेही होऊ देणार नाही. बाटगाच म्हणा. कुणी बाटवला, ते मी दर वेळी सांगेन.