आगाशे सरांचं डावं-उजवं

किस्से ठरवून जमवावे लागत नाहीत. मास्तराच्या कोटावर खडूची धूळ बसते तसे ते बसत जातात, आणि नोकरी संपल्यावर कोट झटकला की लक्षात येतं, किती होते ते. ठाण्याच्या आमच्या शाळेतले माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण ऐकणारे सगळे फिरून फिरून त्या एकाच आठवड्यातले सांगायला लावतात. सत्तावन्न साल, जानेवारी.

सायन्सचे आम्ही तिघं. आगाशे सर सगळ्यांत सीनियर, बावीस वर्षं फिजिक्स शिकवलेलं. म्हात्रे सर ठाण्याजवळच्या बाळकुमचे, घरची भातशेती आणि मिठागर. आणि मी, डोंबिवलीहून येणारा, नुकताच लागलेलो.

त्या रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये आगाशे सरांचं व्याख्यान होतं. आयुष्यातलं पहिलं. विषय, ‘निसर्ग डावं-उजवं करत नाही’. टेंभी नाक्यावर हँडबिलं लागलेली. दोन महिने सर तयारी करत होते.

आणि बुधवारी सकाळी पेपरात ती बातमी आली. आतल्या पानावर, चार ओळी.

*

सरांनी पेपर आमच्यापुढे ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं, की निसर्गाचे नियम आरशात पाहिले तर तसेच राहतात हे खरं नाही.

म्हात्रे सरांना आणि मला नीट उमजेना. मग त्या चार ओळींवरून सरांनीच फळ्यावर काढून समजावलं. कोबाल्टचे अणुगर्भ भोवऱ्यासारखे फिरतात. भयंकर थंडीत, चुंबक लावून, ते सगळे एकाच दिशेनं फिरते केले. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. त्यांतून जे कण उडतात ते वर कमी गेले, खाली जास्त. आता शेजारी आरसा धरा. आरशात भोवरा उलटा फिरताना दिसेल, पण कण मात्र खालीच जाताना दिसतील. आणि तसं खऱ्या जगात घडतच नाही. म्हणजे आरशातलं जग कोणतं आणि आपलं कोणतं, हे निसर्गाला कळतं; तो डावं-उजवं करतो.

इतकं सुंदर समजावलं, की मी म्हटलं, सर, रविवारी हेच सांगा ना.

सर खडू हातात तसाच धरून म्हणाले, “हे खरं असेल तर मी बावीस वर्षं मुलांना काय सांगितलं?”

*

बातमी खरी की पेपरवाल्यांचा घोळ, हे ठाण्यात कोणाला विचारणार? गुरुवारी सरांनी मला रजा काढायला लावून मुंबईला धाडलं, एका संशोधन संस्थेत. ना ओळख, ना चिठ्ठी. तासभर ताटकळल्यावर एक शास्त्रज्ञ व्हरांड्यात भेटले. माझं सगळं त्यांनी उभ्याउभ्या ऐकून घेतलं. कोणी पाठवलं, व्याख्यान कधी, तेही विचारलं.

मग म्हणाले, “त्यांना सांगा, बातमी खरी दिसते. आणि हेही सांगा, की परवापर्यंत मीही तेच शिकवत होतो.”

परत येऊन मी सरांना शब्दन् शब्द सांगितला. सरांनी फक्त एक विचारलं, त्यांचा चेहरा कसा होता? मी म्हटलं, काळजीत दिसले.

बुधवारपासून सर चहा अर्धा टाकून उठत होते. त्या दिवशी त्यांनी पूर्ण कप संपवला.

*

म्हात्रे सरांना आगाशे सरांचे हाल बघवेनात. शुक्रवारी शाळा सुटल्यावर ते आम्हाला बाळकुमला आपल्या घरी घेऊन गेले. म्हणाले, जरा मोकळी हवा. तिथं मांडवावर वालाचा वेल चढवलेला. सरांचं लक्ष गेलं, सगळी टोकं काठीभोवती एकाच बाजूनं वळलेली. सरांनी एक टोक हळूच सोडवून उलट्या बाजूनं गुंडाळलं.

म्हात्रे सरांची आई बघत होती. म्हणाली, “नाय ऱ्हायाचा तो तसा. सकालच्याला सुटंल न आपल्याच बाजूनं जाईल.”

सरांनी तिला समजावलं, की ती वेलाची खोड आहे, पिढीजात. जीवांचं वेगळं. पण निर्जीव वस्तूंच्या मुळाशी अशी खोड नसते.

म्हातारीनं विचारलं, “कोनी बगलंय जाऊन?”

परतीच्या वाटेवर कोलशेत रस्त्याला लागल्यावर सर थांबले आणि म्हणाले, “म्हात्रे, खरंच कोणी बघितलं नव्हतं हो. सगळ्यांनी धरून चाललेलं.”

*

शनिवारी सर आले ते गालावर कापसाचे तीन बोळे चिकटवून. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगत होत्या, दाढी करायला आरशापुढे बसतात आणि वस्तरा हातात धरून तसेच बघत राहतात. मग एकदम आठवण होते, आणि घाईत कापतं.

वहिनींनी शेवटी त्या सकाळी आरसा कपाटात ठेवून दिला होता आणि त्यांना न्हाव्याकडे पाठवलं होतं. तिथे चारी भिंतींना आरसे. दाढी अर्धी टाकून परत आले.

*

त्याच दुपारी हेडमास्तरांनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं. माणूस चांगला, सरांची इज्जत करणारा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चार ओळींची बातमी ठाण्यात कोण वाचतंय? आणि वाचली तरी कळणार कोणाला? ठरलेलं व्याख्यान द्या. पुढच्या वर्षी दुरुस्त करा.

म्हात्रे सर म्हणाले, तब्येतीचं कारण सांगून पुढे ढकलू. मीही मान हलवली. आम्हाला खरंच भीती वाटत होती, की सर स्टेजवरच कोसळतील.

सर म्हणाले, “हॉलमध्ये माझी बावीस बॅचची पोरं येणार आहेत. त्यांना मी सांगितलेलं खरं वाटतं, हीच तर पंचाईत आहे.”

*

रविवारी हॉल भरला. बायकांच्या बाजूला वहिनी पहिल्या रांगेत. सरांनी पाऊण तास ठरलेलं व्याख्यान जसंच्या तसं दिलं. इतकं रंगलं, की मागचे उभे राहून ऐकत होते.

मग सरांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, “हे सगळं मी मनापासून शिकवलं. या आठवड्यात कळलं, की ते पूर्ण खरं नाही.” आणि कोबाल्टचा प्रयोग सांगितला.

टाळी नाही, काही नाही. मागून एक माजी विद्यार्थी, आता चांगला बाप्या, रडवेल्या आवाजात म्हणाला की सर, आम्ही नाही मानत.

सभेचे अध्यक्ष वकील होते. सरांचा अपमान होतोय असं त्यांना वाटलं असावं. ते उठले आणि ठराव मांडला, की आगाशे सरांनी आजवर शिकवलेलं बरोबर आहे आणि निसर्ग डावं-उजवं करत नाही, असं या सभेचं मत आहे. बाजूने कोण?

सगळ्या हॉलनं हात वर केले. हेडमास्तरांनी केला. म्हात्रे सरांनी केला. प्रेमापोटी मीही केला.

अध्यक्ष हसून म्हणाले, “विरुद्ध?”

सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात वर केला. डावा.

खाली पहिल्या रांगेत वहिनीही हात वर करून उठल्या.